धुण्याचे पिळे

धुणं म्हटलं की कुणाला साबणाचा फेस आठवतो, कुणाला दगडावर आपटलेल्या कपड्यांचा आवाज. मला मनगटं आठवतात. आधी आजीची, मग आईची, मग माझी. कपडा घासायला खांदा लागतो, खळबळायला पाणी लागतं, पण पिळायला मनगटच लागतं. आमच्याकडच्या बायकांची दुखणी बघितली तर चाळिशी उलटताना पहिली तक्रार तिथूनच सुरू होते. आसगावच्या माहेरच्या घरासाठी वॉशिंग मशीन कोणती घ्यायची हा प्रश्न यंदा घरात निघाला, तेव्हा मला किमती आणि कंपन्यांच्या आधी हेच सुचलं की या घरात पिळतं कोण.

आसगाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं, चौरास भागातलं. सपाट जमीन, पाण्याची सोय आणि जिकडे बघावं तिकडे धानाच्या बांध्या. गावाचं धुणं कसं असतं ते त्याच्या पिकावर ठरतं. कापसाच्या मुलखात कपड्याला धूळ बसते, झटकली की निम्मी जाते. आमच्याकडे चिखल. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात आणि संध्याकाळी घरी येतात तेव्हा लुगड्याचा खालचा अर्धा भाग मातीने ताठ झालेला असतो. ते घासून निघतं एकवेळ, पण नऊवार सुती लुगडं पाणी पिऊन जे जड होतं, ते पिळताना दिवसभर वाकलेली कंबर पुन्हा वाकते. आणि वाळवायचं कुठे? बाहेर श्रावण लागलेला. भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोवणीला जायचं असतं. अर्धवट ओलं लुगडं तसंच नेसून बांधीत उतरलेली आजी मी बघितलेली आहे.

आजी बोडीवर, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यावर, धुवायची. घरी येताना पिळे खांद्यावर एकावर एक रचलेले असत आणि पाठीवरून पाणी ओघळत असे. तिचा पीळ इतका घट्ट असे की दोरीवर टाकताना तो उलगडायलाही जोर लागायचा. "पान्यातून काहाडलं का पिरून घ्या, तवाच वारते," असं ती म्हणायची. घट्ट पिळलेला कपडा दुपारपर्यंत वाळतो, सैल पिळलेला संध्याकाळी कुबट वास मारतो, हे तिला शाळेशिवाय ठाऊक होतं. धुण्याचा सोडा होता, मग 501 चा बार आला, मग पिवळी निरमा पावडर आली. घासण्याचे कष्ट दर पिढीत थोडे थोडे कमी झाले. पिळणं मात्र जसंच्या तसं राहिलं. त्यावर बाजारात पावडर निघाली नाही.

घरातलं माझं पहिलं काम पिळण्याचंच होतं. वाकळ एकटीला पिळत नाही, तिला दोघी लागतात. एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. ती उजवीकडे फिरवणार, मी डावीकडे, आणि मध्ये जाड पीळ पडून पाणी धो-धो गळणार. आईचा जोर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पाय घट्ट रोवले नाहीत तर वाकळीबरोबर मीच फिरायची. तेव्हा त्यात मजा वाटे. आईला ती वाटत नसावी हे फार उशिरा कळलं, मी स्वतः घरातली सगळी अंथरुणं एका दिवशी धुवायला काढली तेव्हा.

धाकटा भाऊ ऐन पावसाळ्यात झाला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर बांबूचं टोपलं उपडं घालायचे आणि त्यावर लंगोट पसरायचे. आमच्या घराला कपडे सुकवण्याचं यंत्र म्हणून जे काही ठाऊक होतं, ते हेच. लंगोटांना धुराचा वास असे, आणि आजी दर थोड्या वेळाने ते उलटायला उठत असे, रात्रीसुद्धा.

एकच कपडा असा होता की ज्याला आई पिळत नसे. तिचं कोशाचं करवतकाठी पातळ. कोसा आमच्या जिल्ह्याचा अभिमान, मोहाडीकडच्या आंधळगावात तो विणला जातो. ते पातळ रिठ्याच्या पाण्यात नुसतं बुडवायचं, कोरड्या पंचात गुंडाळून हलकं दाबायचं आणि सावलीत टाकायचं. जगात न पिळताही धुता येतं असं मला तेवढ्यावरूनच कळलं होतं. ते पातळ मी आजही कुठल्याच मशीनमध्ये टाकत नाही, आणि कुणी टाकू नये.

22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी झाली. धरण आमच्याच तालुक्यातलं. काम वर्षानुवर्षं चाललं, पुढे डाव्या कालव्याचं पाणी आलं. विहिरी-बोअरच्या पाण्यावर चौरासात उन्हाळी धान आधीही होतंच, ते आणखी वाढलं. आणखी शेतकऱ्यांना दुसरं पीक मिळालं याचा मला आनंद आहे. पण दुसरं पीक म्हणजे दुसरी रोवणी, आणि दुसरी रोवणी म्हणजे वर्षातून दुसऱ्यांदा चिखलाचं धुणं. हा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही. वैनगंगेचं पाणीही पूर्वीसारखं राहिलं नाही. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. पवनीला नदीवर धुवायला जाणारी माझी मावशी पांढरे कपडे न्यायची बंद झाली.

धरणाच्या पायाभरणीच्या सुमाराला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, गावात टीव्ही आलेल्या घरी आम्ही व्हिडिओकॉनच्या वॉशिंग मशीनची जाहिरात बघायचो. औरंगाबादची कंपनी म्हणून तिचं अप्रूपही होतं. पण ती वस्तू आमच्यासाठी आहे असं कुणालाच वाटलं नाही, आणि त्यात गैर काही नव्हतं. पुढे 2005 नंतरच्या वर्षांत खेड्यात दिवसाचे कितीतरी तास भारनियमन असे. जिथे पंख्याची खात्री नाही तिथे मशीन कशी घ्यायची? शेतीची आणि गावठाणाची लाईन वेगळी झाली तेव्हा कुठे घरात वीज टिकू लागली. खेड्यातल्या बायकांनी मशीन उशिरा घेतली ती जुन्या वळणामुळे, असं शहरात सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. नळाला जोर नव्हता, तारेत वीज नव्हती आणि हातात पैसा नव्हता, एवढंच त्याचं कारण.

लग्नानंतर मी नागपूरला गेले आणि तिथे पहिल्यांदा माझ्या मनगटांना सुट्टी मिळाली. पुन्हा पिळायची वेळ आली ती ऑगस्ट 2020 च्या अखेरीस. वैनगंगेला महापूर आला, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले गेले, आणि पवनीत मावशीच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर मदतीला गेलो तर वाकळी, रजया, चादरी, सगळं गाळाने भरलेलं. आम्ही धुतलं, पुन्हा धुतलं, पण रजया कुणालाच पिळवेनात. चार हात लावले तरी आतला कापूस पाणी सोडेना. शेवटी कितीतरी अंथरुणं, चांगली धड असूनही, फेकावी लागली. धुता आलं होतं, वाळवता आलं नाही. मशीन घ्यायची ठरवताना ते ढीग माझ्या डोळ्यांपुढे होते.

आता यंदाची गोष्ट. भावाचा आग्रह होता, "ताई, घ्यायचीच तर पूर्ण ऑटोमॅटिक घेऊ, ड्रायरवाली." आईचं म्हणणं, "काहून एवढा पैसा घालता वो बाई, आमचं चालते ना." वहिनी काहीच बोलली नाही, आणि घरातलं सगळं धुणं तीच करते.

आपल्याकडे दुकानात ड्रायर म्हणून जो दाखवतात, तो बहुतेक वेळा दोन भांड्यांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधलं फिरणारं भांडं असतो. ते कपडे वाळवत नाही, पिळतं. गरम हवेने पूर्ण कोरडे करणारा ड्रायर ही वेगळीच वस्तू, वेगळ्याच किमतीची. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण सगळा पैसा तिथे आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला, कसंही केलं तरी, पाऊण युनिट विजेच्या जवळपास उष्णता लागते, तो निसर्गाचाच नियम आहे. सहा किलो सुती कपडे पिळून काढले तरी त्यांत तीनेक लिटर पाणी उरतं, म्हणजे साध्या गरम ड्रायरला एका खेपेला दोन युनिट सहज लागतात, जास्तच. याउलट पिळणाऱ्या भांड्याची मोटर दीडशे-पावणेदोनशे वॅटची. ती मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेते आणि पाच मिनिटांत जेवढं पाणी काढते, त्याला युनिटचा दीड शतांश भागसुद्धा कसाबसा लागतो. पाणी आधी फिरवून काढायचं आणि उरलेलं वाऱ्यावर सोडायचं, यापेक्षा स्वस्त काही नाही. मे महिन्यात आमच्या अंगणात ऊन असं असतं की दोरीच्या एका टोकाला कपडा टाकून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिला वाळायला लागतो. आणि पावसाळ्यात घट्ट पिळलेले कपडे पडवीत पंख्याखाली रात्रभरात नेसण्याजोगे होतात. गरम ड्रायर आम्हाला नको होता.

पूर्ण ऑटोमॅटिक का नाही, हेही सांगते. तिला नळातून जोराने पाणी यावं लागतं, म्हणजे टाकी मशीनपेक्षा निदान दहा-बारा फूट उंच हवी. आमच्या कौलारू घरात ती नाही. समोरून दार असलेली मशीन पाणी कमी घेते, कपड्याला जपते, हे खरं. पण ती पाणी तापवते, आणि आमच्या बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या गंजाच्या तळाला पांढरा थर धरतो तसा तो तिच्या हीटरलाही धरणार. शिवाय सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकच साबणाचं पाणी तीनदा वापरता येतं: आधी शाळेचे पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी बांधीतले. ते वहिनी हातानेही असंच करते. पाणी बादलीने ओतलं तरी चालतं. मध्येच वीज गेली तर कपडे आत कोंडून राहत नाहीत. किंमतही सात-आठ हजारांपासून बारा हजारांच्या आत.

बाकीच्या गोष्टी लहान, पण खेड्यात त्याच मशीन टिकवतात. बाहेरचा सांगाडा प्लॅस्टिकचा घ्यावा, पडवीतल्या ओलीने पत्रा गंजतो. खाली उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी हवीच, कारण धान घरात असलेल्या घरी उंदीर असणारच आणि ते वायरी कुरतडतात. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जमिनीत पुरलेलं अर्थिंग याशिवाय ओल्या हाताने मशीनला शिवू नये; अनेक जुन्या घरांत तिसरी पिन नावालाच असते, ती आधी तपासून घ्यावी. सर्वांत महत्त्वाचं, पवनीचा मेकॅनिक जी कंपनी दुरुस्त करतो ती घ्यावी, भंडाऱ्याहून माणूस येण्याची वाट बघावी लागेल ती नको.

घरातली वयस्क बाई मशीनपुढे बसते आणि भांडं फिरताना बघत राहते, ही गोष्ट जगभर घडलेली आहे. स्वीडनच्या हान्स रोस्लिंग नावाच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये आपल्या आजीबद्दल नेमकं हेच भाषणात सांगितलं होतं. मशीन घरी आली तेव्हा आमच्या आईनेही तेच केलं. पण त्यावर समाधान मानायला मी तयार नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष 88, असं दिसलं. मशीन आली म्हणून हा आकडा आपोआप सरकत नाही. भावाला मी पहिल्याच दिवशी भांड्यात कपडे सारखे कसे पसरायचे, वरची चकती कशी बसवायची आणि झाकण उघडून भांडं पूर्ण थांबेपर्यंत हात का घालायचा नाही, ते दाखवलं. आता रविवारचं धुणं तो करतो.

तुमच्या घरीही मशीन घ्यायचं चाललं असेल तर एक विनंती आहे. दुकानात कर्त्या पुरुषाने एकट्याने जाऊ नये. जिच्या हाताने घरात पिळणं होतं, तिला सोबत न्या, झाकण तिला उघडू द्या, ओली चादर भांड्यातून बाहेर ओढताना किती वाकावं लागतं ते तिला करून बघू द्या, आणि मग ती बोट दाखवेल ती घ्या.