खोटी शिवराई

बेसिंगस्टोकमध्ये बघण्यासारखं काय, तर राउंडअबाउट्स! असं इथलेच लोक हसत हसत सांगतात. पण परवा शेजारच्या आजोबांनी चहाला बोलावून एक भलतीच वस्तू दाखवली. निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ शेतमालकाची परवानगी काढून मेटल डिटेक्टर घेऊन शेतं हिंडत असतात. त्यात त्यांना सापडलेला ग्रोट, म्हणजे चांदीचं चार पेन्सचं नाणं. तिसऱ्या एडवर्डचं. १३६० च्या तहात त्याने फ्रान्सच्या गादीवरचा हक्क सोडायचं कबूल केलं आणि त्याबदल्यात ॲक्विटेनची डची घेतली. म्हणून १३६१ ते १३६९ च्या नाण्यांवर 'फ्रान्सचा राजा' जाऊन ॲक्विटेन आलं. पुढे युद्ध पेटलं आणि जुना किताब परत आला.

या नाण्यावर ॲक्विटेन शाबूत होतं, पण खुद्द राजाचं नाव अर्धं काठाबाहेर! रोज मायक्रॉनचे हिशेब करणारा मी. पटकन विचारलं, "खोटं तर नाही ना?"

आजोबा हसले. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात ठोकलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा एका हातात आणि दुसऱ्या हातात हातोडा. चकती जरा सरकली की अक्षरं गेली. बघायची ती चांदी आणि वजन. इथून गाडीने वीसेक मिनिटांवरच्या विंचेस्टरला ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीने टांकसाळवाल्यांना बोलावून त्यांचे उजवे हात तोडवले, ते हिणकस चांदीपायी. वाकड्या छापासाठी नव्हे.

माझा चहा तसाच राहिला.

आजीच्या देवघरात तांब्याची एक शिवराई होती. शिवरायांच्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. आजीच्या नाण्यावर 'शिव' अर्धवट आणि 'पति' गायब. पुस्तकातल्या चित्रात सगळी अक्षरं होती. मी सातवीत. ऐटीत जाहीर केलं, "आजी, तुझी शिवराई खोटी आहे." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताम्हनात शिवराई नव्हती.

तीही हातोड्याचीच. ठसा मोठा, चकती लहान. सगळी अक्षरं मावलेली शिवराई मिळणंच मुश्कील.

रविवारी आईला फोन केला. "आजीची शिवराई कुठे असेल गं?"

"ती? तूच खोटी म्हणालास ना? देवापुढे खोटं कशाला, म्हणून त्यांनी जुन्या भांड्यांबरोबर मोडीत घातली. का रे?"

"काही नाही. सहज."