आधी प्लास्टर, मग बघू

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं की ऑपरेशन ठरलेलंच, हे आमच्या घरातलं जुनं मत. सासऱ्यांच्या मांडीत सळी, चुलत दिरांच्या मनगटात पट्टी आणि स्क्रू, एवढ्या पुराव्यावर ते पक्कं झालेलं. त्यामुळे माझा मुलगा जन्मला आणि त्याची दोन्ही पावलं आत वळलेली, टाचा वर ओढलेल्या दिसल्या, तेव्हा त्याला कुणाला दाखवायचं यापेक्षा कुणाला दाखवायचं नाही यावरच घरात जास्त बोलणं झालं.

सासूबाईंनी ग्रहणाचा हिशोब काढला. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का, हे मला चारचारदा विचारून झालं. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, "तेल लावून रोज ओढते, होतील सरळ." एकटी माझी आई म्हणाली, "आधी दाखवून तर या." सव्वा महिना व्हायच्या आतच बाळाला घेऊन आम्ही सिव्हिल गाठलं. तिथे अशा मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरलेला होता.

डॉक्टरांनी पाऊल हातात धरलं, हलकेच बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिलं. ह्यांनी घाबरत विचारलं, "ऑपरेशन कधी करायचं?" डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनचं कोण बोललं? दर आठवड्याला प्लास्टर करू. आधी प्लास्टर, मग बघू."

पावलं अशी आत वळलेली असण्याला क्लबफूट म्हणतात. हजार बाळांमागे साधारण एकाला होतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये दुपटीने आढळतो, आणि जवळपास निम्म्या मुलांचे दोन्ही पाय वळलेले असतात. बहुतेकदा कारण सापडत नाही. "आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही," हे डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तान्ह्या बाळाच्या पायाचे बंध लवचिक असतात. डॉक्टर पाऊल हातानेच जेवढं सरकेल तेवढं सरकवत आणि त्या जागी धरून ठेवत. मग बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा वाकवून प्लास्टर. पुढच्या आठवड्यात ते काढून पाऊल आणखी थोडं बाहेर. प्लास्टर चालू असताना मी बाळाला पाजत असे, म्हणजे ते रडत नसे. घरी आंघोळ बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. बोटं गुलाबी आहेत ना, काळीनिळी किंवा गार तर पडली नाहीत ना, हे सारखं बघायचं.

ही पद्धत इग्नासिओ पोन्सेटी या डॉक्टरांची. स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत आयोवा इथे काम केलेल्या या माणसाने ती 1940 च्या दशकाच्या अखेरीस बसवली. मोठी ऑपरेशनं झालेली मुलं वाढल्यावर त्यांचे पाय ताठ आणि दुखरे होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. 1963 साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले, तरी बाकीचे सर्जन तिच्याकडे वळायला 1990 चं दशक उजाडलं.

आठवड्यांमागून आठवडे गेले, पावलं बाहेर वळली. टाच मात्र खाली येईना. डॉक्टर म्हणाले, टाचेमागची शीर आखडली आहे, ती कापावी लागेल, बहुतेक मुलांना लागते. सासूबाई लगेच म्हणाल्या, "झालंच ना शेवटी ऑपरेशन!" जागा बधिर करून बारीकसा छेद दिला, टाका नाही. लगेच वर तीन आठवड्यांचं प्लास्टर. तेवढ्यात शीर लांब होऊन परत जुळते.

त्या ओपीडीच्या बाकावर बसून मी बरंच ऐकलं. खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींचा मुलगा म्हणत होता, वय झालंय, वजन लावून झोपवून ठेवू. आमचेच डॉक्टर त्याला बजावत होते, "झोपवून ठेवाल तर न्यूमोनिया होईल, पाठीला जखमा होतील, पायात रक्ताच्या गुठळ्या होतील. ऑपरेशन लवकरात लवकर करायला हवं." त्याच सकाळी मनगट मोडलेल्या शाळकरी पोराला त्यांनी प्लास्टर घालून घरी पाठवलं. दुखणं बदललं की त्यांचं उत्तर बदलत होतं.

खरी परीक्षा पुढे होती, आणि ती आमची होती. शेवटचं प्लास्टर निघाल्यावर पट्टीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, नंतर चार वर्षांचा होईपर्यंत झोपेत. रात्री पट्टी पाळण्याच्या कठड्यावर आपटायची. "पोर रडतंय, काढ की गं," असं शेजारणी म्हणायच्या. पण बूट सोडले की पाऊल पुन्हा आत वळायला लागतं, आणि मग प्लास्टर पहिल्यापासून. आम्ही काढले नाहीत. आता मुलगा शाळेत जातो, कबड्डी खेळतो.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं बाळ जन्मलं, तर पहिल्या काही आठवड्यांतच त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. आशाताईंना विचारा, 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. आणि डॉक्टरांनी कधी ऑपरेशन सांगितलंच, तर ते का, आणि नाही केलं तर काय होईल, हे दोन प्रश्न विचारा. ऑपरेशनच्या भीतीने दवाखानाच टाळलात, तर जे प्लास्टरने झालं असतं त्यालाही पुढे ऑपरेशन लागू शकतं.