संगणकाची साक्ष

आंकडा यंत्रांतून आला कीं तो खरा मानावयाचा, ही संवय आतां घरोघरीं रुळली आहे. आणि तो दशांशचिन्हासह आला म्हणजे तर शंकेस जागाच उरत नाहीं. 2022 सालीं आमच्या पुतण्याच्या कारखान्यांत या संवयीपायीं एका वृद्ध कारागिराचा पगार कापला गेला. ती हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण त्या प्रकरणांत खोटें असें कोणीच बोललें नव्हतें.

पुण्याजवळच्या या लहानशा कारखान्यांत पोलादी भागांस पाणी देतात. लालभडक पोलाद तेलांत बुडविलें म्हणजे तें कठीण होतें, पण ठिसूळहि होतें. तो ठिसूळपणा घालविण्याकरितां तें पुन्हां बेताच्या उष्णतेवर तापवावें लागतें. घासून उजळ केलेल्या साध्या पोलादावर या वेळीं रंग चढतो: सुमारें 230 अंशांस गवती पिवळा, 280 च्या आसपास जांभळा, 300 च्या आगेमागें निळा. भट्टीवरचे कारागीर, ज्यांस आम्ही सर्व मामा म्हणतों, हे रंग तीस वर्षें पाहत आले होते. संगणक 230 दाखवीत असतां भाग जांभळे निघूं लागले, तेव्हां "भट्टी फाजील तापते आहे," असें त्यांनीं सांगितलें. संगणकानें नाहीं म्हटलें. अर्थात् मामांचेंच चुकलें असें ठरलें, आणि नरम पडलेल्या भागांची भरपाई त्यांच्या पगारांतून झाली. पुढें गिऱ्हाइकाकडून माल परत येऊं लागला, तेव्हां दोष सूनबाईंनीं लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे वळला. त्या आमच्याकडे आल्या; आम्हीं आयुष्यभर कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकविलें, एवढाच आमचा अधिकार.

भट्टींतील उष्णता मोजण्यास थर्मोकपल लावलेलें होतें. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशीं जोडल्या कीं हें साधन तयार होतें. 1821 सालीं बर्लिन येथें सीबेक यांस असें दिसलें कीं, दोन धातूंच्या वेटोळ्याचा एक सांधा तापविला म्हणजे जवळच्या होकायंत्राची सुई हलते. उष्णतेनें चुंबकत्व उपजतें असा त्यांनीं ग्रह करून घेतला. वस्तुतः वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह वाहत होता. सुई खरी, अर्थ चुकीचा! मुद्दा हा कीं, थर्मोकपल उष्णमान सांगत नाहीं. तें आपल्या दोन टोकांच्या उष्णमानांतील अंतर सांगतें, आणि तेंहि अगदीं हलक्या आवाजांत. क्रोमेल व अल्युमेल या जोडींत अंशामागें सुमारें 41 मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचे 41 दशलक्षांश, एवढाच तो आवाज. दुसरें टोक किती उष्ण आहे हें संगणकाचें कार्ड आपल्याजवळच्या निराळ्या साधनानें मोजतें, व तें त्या अंतरांत मिळवून मग आंकडा दाखविला जातो.

भट्टीच्या भिंतीपासून संगणकाच्या थंड खोलीपर्यंत लांब केबल नेली होती. आम्ही जाण्यापूर्वींच थर्मोकपल बदललें होतें, कार्डहि बदललें होतें, आंकडा तोच. प्रोग्रॅममध्यें थर्मोकपलाचा प्रकार भलताच निवडला असेल म्हणून सूनबाईंस चार शब्द ऐकावे लागले. निवड बरोबर होती. आम्हीं कार्डाचीं दोन टर्मिनलें तांब्याच्या तुकड्यानें जोडून पाहिलीं. आंकडा 25 आला, खोलीचें उष्णमानहि तेंच. मग थर्मोकपल सोडवून थेट कार्डास लावलें व उकळत्या पाण्यांत धरलें. 98 आला. समुद्रसपाटीपासून सुमारें 560 मीटर उंचीवरच्या पुण्यास पाणी 100 अंशांपूर्वींच उकळतें, तेव्हां हेंहि बरोबर. राहिली केबल.

तिची एक तार पिवळी, एक लाल. लाल म्हणजे धन, हें बॅटरी हाताळणाऱ्या पोरासहि ठाऊक असतें. परंतु थर्मोकपलाच्या अमेरिकन पद्धतींत लाल तार ऋण असते. आंतरराष्ट्रीय पद्धतींत हीच जोडी हिरवी-पांढरी, व त्यांतील पांढरी ऋण. वायरमननें लाल तार दोन्ही टोकांस धन टर्मिनलांत बसविली होती. एकाच टोकास उलट झालें असतें तर भट्टी तापतांना आंकडा घसरला असता आणि चूक त्याच दिवशीं हातीं लागली असती. दोन्हीकडे उलट झाल्यानें आंकडा मुकाट्यानें चढत राहिला. मात्र केबलच्या दोन टोकांतील अंतर मिळविलें जाण्याऐवजीं वजा होऊं लागलें, म्हणजे तूट दुप्पट. आम्हीं मोजलें त्या दुपारीं भट्टीजवळचा सांधा 52 अंशांवर होता, कार्ड 25 वर. अंतर 27, तूट 54. संगणकावर 230 असतां भट्टी 284 अंशांवर होती. मामांचा जांभळा रंग तो हाच. सकाळीं भट्टी थंड असतां दोन्ही टोकांत फारसें अंतर नसे, म्हणून तूटहि नसे. आणि तपासणीस येणारा मनुष्य नेमका सकाळीं येई.

खात्रीसाठीं नातवाच्या खेळण्यांतला चुंबक नेला. अल्युमेल चुंबकास चिकटतें, क्रोमेल चिकटत नाहीं. लाल आवरणाखालची तार चिकटली.

तारा नीट बसविण्यास दहा मिनिटें लागलीं. परत आलेल्या मालास पुन्हां पाणी देण्यांत महिना गेला. मामांचे कापलेले पैसे पुतण्यानें त्याच पगारांत परत केले. सूनबाईंची क्षमा मागण्यास त्यास थोडा अधिक वेळ लागला. आतां रोज दुपारीं एक उजळ तुकडा भट्टींत ठेवतात, आणि त्याचा रंग मामा सांगतील तो आंकड्याशेजारीं वहींत लिहिला जातो.