पाय झोपू देत नाहीत!

मराठीत पहिल्यांदाच लिहितेय. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

फर्स्ट इयरला रूममेटने माझं नाव ठेवलं होतं 'शिलाई मशीन'. रात्री अंथरुणावर पडलं की माझ्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळायचं. दुखणं नाही, मुंग्याही नाहीत. पाय हलवला की बरं, थांबवला की परत सुरू. दोन-दोन वाजेपर्यंत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचे. मैत्रिणी म्हणायच्या, पोरगी प्रेमात पडलीय! प्रत्यक्षात पडली ती एम-टूची केटी. घरचे म्हणाले, मोबाईल कमी बघ. मलाही वाटू लागलं, दोष आपलाच.

दिवाळीत मोडनिंबला आजीकडे गेले. एसटीत पाय इतके शिवशिवले की टेंभुर्णीपासून उभीच राहिले. रात्री एकला अंगणात आले, तर आजी येरझाऱ्या घालत होती. गुडघ्याखाली जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट बांधलेल्या.

"आजी, झोपली नाहीस?"

"पाय झोपू देत न्हाईत, बाय. तुझा बाप पोटात हुता तवापास्नं हाय ह्ये. तू का उठलीस?"

मी गप्पच. म्हणजे बाबांच्या वयाइतकी वर्षं ही बाई रात्री एकटी चालतेय, आणि आम्ही म्हणायचो, म्हातारीला चैनच नाही!

दोघी सोलापूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चारच प्रश्न विचारले. पाय हलवावेसेच वाटतात का? बसल्या-पडल्यावर वाढतं का? चाललं की कमी होतं का? संध्याकाळी-रात्री जास्त का? दोघींची मिळून आठही उत्तरं 'हो'.

याला म्हणतात रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने १६७२ साली याचं वर्णन केलं. १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोम यांनी नाव दिलं. हे घराण्यात चालतं, गरोदरपणात सुरू होऊ शकतं. मेंदूला डोपामिन बनवायला लोह लागतं. तिथे लोह कमी पडलं की हा त्रास होऊ शकतो. गंमत म्हणजे हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. माझं हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन फक्त ९! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. म्हणजे आमच्या लेडीज हॉस्टेलने विचार करायलाच हवा.

आता लोहाची गोळी चालू आहे. ती चहासोबत घ्यायची नाही. (गोळी मनाने सुरू करू नका, जास्त लोहही घातक.) दुपारनंतर कॉफी बंद. झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण, मालिश, गरम पाणी. सर्दीच्या काही गोळ्यांनी हे वाढतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. एवढ्याने भागलं नाही तर वेगळी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची.

तीन महिन्यांत फरक पडला. पूर्ण गेलं नाही. परीक्षेच्या जागरणात पाय अजून आठवण करून देतात. केटी मात्र सुटली.

त्या दिवशी परतताना आजी एसटीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "याला नाव हाय म्हंजी मी येडी नव्हते."

मित्रमैत्रिणींनो, रात्री कॉरिडॉरमध्ये कुणी फेऱ्या मारताना दिसलं, तर हसण्याआधी ते चार प्रश्न विचारा.