शहाण्या मुलाचें ओझें

रसायनीस आमच्या वर्गांत एखादें मूल असें असतें कीं, त्याची कधीं तक्रार येत नाहीं. सोबत्यांकडे पाहून तें हंसतें, मान डोलावितें. घरीं पोंचतांच मात्र रडूं लागतें. दिवसभर अडचण झांकण्यांतच त्याची शक्ति सरलेली असते. आईनें सांगितलें, तर उत्तर मिळतें, "शाळेंत तर तें शहाणें आहे!" आमच्या मतें घरचें रडणें हाही पुरावाच होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता ह्या दोहोंस मान्यता दिली आहे. अध्ययन-अक्षम मुलास दहावीच्या परीक्षेंत अधिक वेळहि मिळतो. पालकहो, घरीं जें दिसतें तें तारीखवार लिहून शाळेस द्यावें व तपासणी मागावी. गुण चांगले पडतात, एवढ्यावरून मदत नाकारणें न्यायाचें नव्हे.