गळती आणि घसारा

मे महिन्यात आमच्या भागातल्या वाड्यांवर पाण्याचा टँकर फिरतो आणि जूनपासून चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. एकाच वर्षात, एकाच डोंगराच्या कुशीत. शेअरबाजाराबद्दल मला जे थोडंफार उमगलंय ते यातूनच. फक्त उमगायला पदरचे पैसे गेले.

मी रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडचा. महाडला दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीची विवरणपत्रं भरतो आणि उरलेल्या वेळात कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतो. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा माझी कचेरीही बुडाली. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर संगणकाच्या डब्यात बोटभर गाळ. हार्ड डिस्क धुऊन, पुसून, तांदळाच्या डब्यातसुद्धा ठेवून पाहिली. ज्या पाच-सहा व्यापाऱ्यांची खाती क्लाऊडवर होती, त्यांचं काम मात्र रेंज आल्यावर मी घरी बसून पुरं केलं.

त्या भारावलेपणात एका डेटा सेंटर कंपनीचे शेअर घेतले. नाव सांगत नाही, कारण चूक माझीच होती. जगात डेटा वाढतोय, म्हणजे साठवणाऱ्याची चांदी, एवढाच माझा अभ्यास. भाव निम्म्यावर आला.

तेव्हा हत्ती तलाव आठवला. रायगडावरचा हा एवढा थोरला तलाव मी लहानपणापासून कोरडाच पाहत आलो. पाऊस बेफाम, पोटही मोठं, पण पाणी टिकत नव्हतं. जवळच्या गंगासागर तलावात मात्र बारमाही पाणी. अलीकडे दुरुस्ती झाली, गळती बुजली, आणि मग कुठे हत्ती तलावात पाणी दिसू लागलं. पाऊस तोच होता.

मी पावसाकडे बघून पैसे लावले होते. २००१ साली एक्सोडस कम्युनिकेशन्स ही अमेरिकेतली डेटा सेंटरची बडी कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हाही इंटरनेट वाढतच होतं. बांधकामासाठी नुसतं कर्ज चढत गेलं की वाढ कामी येत नाही.

आता अहवाल उघडला की आधी गळती शोधतो. डेटा सेंटर चौरस फुटांपेक्षा मेगावॉटमध्ये मोजतात, कारण तिथे जागेपेक्षा वीज महाग. किती मेगावॉट बांधले हे कंपनी ठळक अक्षरांत सांगते. त्यातले किती भाड्याने गेले, करार किती वर्षांचे, विजेचं बिल भाडेकरूच्या माथी की आपल्या, हे शोधत मागच्या पानांपर्यंत जावं लागतं. खरी मोठी गळती घसाऱ्याची, म्हणजे यंत्रं जुनी होत जातात त्यापोटी दरवर्षी धरायच्या खर्चाची. सर्व्हर म्हणजे काही गडाचा काळा पाषाण नव्हे. अल्फाबेट आणि मायक्रोसॉफ्टने सर्व्हरचं आयुष्य चारवरून सहा वर्षं धरलं. यंत्रं तीच, पण वर्षाचा घसारा उतरला आणि कागदावर नफा चढला. ॲमेझॉनने मात्र २०२५ पासून आपल्या काही सर्व्हरचं आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणलं. एआयमुळे यंत्रं लवकर जुनी होतात म्हणून. हिशेबनीस असल्याने असल्या एका ओळीपाशी मी तासभर रेंगाळतो. घरचे म्हणतात, पोथी वाचतोय.

हार्ड डिस्कवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांचा भाव तुटवड्यावर चालतो. २०११ साली थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले, जगभर डिस्क महागल्या, आणि ज्यांचे कारखाने वाचले त्यांना त्या वर्षी घबाड मिळालं. पुराने बुडालेला माणूस असल्यामुळे हे वाचताना मला बरं वाटलं नाही. पण तो नफा दरसालचा धरून शेअर घेणं म्हणजे आषाढातली सावित्री पाहून वैशाखातल्या पाण्याचा बेत करणं.

आपल्याकडे पाऊस सुरू झालाय खरा. ॲमेझॉनने २०१६ ला मुंबईत क्लाऊडचं ठाणं मांडलं, २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा देशातच ठेवायला सांगितला, २०२० मध्ये पनवेलला योट्टा या कंपनीचं डेटा सेंटर उभं राहिलं. पण योट्टाचा शेअर बाजारात मिळत नाही, म्हणून लोक ज्याच्या सादरीकरणात ‘डेटा सेंटर’ हा शब्द दिसेल त्याच्या मागे धावतात. मीही धावलोच होतो की.

परवा रोपवेपाशी सरबताच्या गाडीवर उभा होतो. दोन पोरी मोबाईल उंच धरून गडाचा व्हिडिओ काढत होत्या.

“दादा, दिवसभर हेच चाललेलं असतं,” गाडीवाला म्हणाला. “एवढं सगळं जातं कुठे?”

“असेल पनवेलला नाहीतर मुंबईला. मोठमोठ्या इमारती बांधल्यात त्यासाठी.”

“मग त्यांचे शेअर घ्यायचे ना तुम्ही!”

“घेतले होते.”

लिंबू पिळता पिळता त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. सरबताचे पैसे काही घेतले नाहीत.