एकविसातले साडेसहा

दरडोई उत्पन्न काढायचं तर एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागायचं, एवढं गणित पक्कं करून मी कॉलेजातून बाहेर पडले. पण उत्पन्नापलीकडची प्रगती मोजतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? ते बघायचं म्हणून एका छोट्या संस्थेच्या पाहणीत शिरले आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात येऊन पोचले. डोंगरउतारावर विखुरलेले पाडे, बोली पावरी, आणि हातात नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकावर बेतलेला फॉर्म.

या निर्देशांकात पैसा विचारतच नाहीत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे 3 विभाग, त्यांत मिळून 12 निकष. तिन्ही विभागांचं वजन सारखं. गणित सोपं व्हावं म्हणून मी सगळ्याचे 21 भाग पाडले. मग घरात सहा इयत्ता पूर्ण केलेलं कोणीच नसेल तर साडेतीन भाग. स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, बँक खातं, वस्तू यांतल्या प्रत्येक अभावाचा 1. बेरीज 7 किंवा जास्त झाली की ते कुटुंब गरीब.

एका घरातली बेरीज अजून डोक्यातून जात नाही. नवरा तिसरी शिकलेला, बायको शाळेत गेलेलीच नाही, थोरला मुलगा पाचवीत. साडेतीन. कोपऱ्यात उज्ज्वला योजनेचा सिलिंडर होता, पण रोजचा स्वयंपाक चुलीवर. फॉर्म मुख्य इंधन विचारतो, म्हणून 1. संडास बांधलेला, पण पाणीच नाही म्हणून सगळे बाहेर जातात. आणखी 1. पाणी लांब, 1. मोबाइल आणि मोटारसायकल असल्यामुळे वस्तूंचा भाग नाही. वीज आहे, खातं आहे, मुलं शाळेत जातात, वजनंही ठीक. एकूण साडेसहा. गरीब नाही!

मी पुन्हा बेरीज केली. तीच आली. आदल्या वर्षी याच घराची जमीन शेणामातीची होती, तेव्हा हिशेब साडेसातचा झाला असता. घरकुल मिळालं, फरशी आली आणि कुटुंब रेषेबाहेर पडलं. त्या बाई मला फरशी दाखवताना मनापासून खूश होत्या. पावसाळ्यात आता अंथरूण भिजत नाही. ही प्रगती खोटी कशी म्हणायची? आणि मग बाकीच्या साडेसहाचं काय करायचं? देशात असे गरीब 2015-16 ला 24.85 टक्के होते, 2019-21 ला 14.96 टक्के झाले. आता हे आकडे वाचताना रेषेच्या जेमतेम बाहेर थांबलेली घरं मला आधी आठवतात.

पण खरी गोंधळले मी पाण्याच्या प्रश्नावर. "पाणी घेऊन परत यायला किती वेळ लागतो?" पाहणीत माझ्यासोबत असलेल्या आशाताईंनी पावरीत विचारलं. बाईंनी उलट विचारलं, "होळीच्या आधी की नंतर?" होळीपर्यंत पाड्यावरचा हापसा चालतो. मग तो कोरडा पडतो आणि खाली झिऱ्यावर उतरावं लागतं. फॉर्मात अर्ध्या तासाची अट आहे, महिन्याचा रकाना नाही. पावसाळ्यात आले असते तर हेच घर साडेपाचवर आलं असतं.

शिवाय पाण्याला 21 मधला एकच भाग, पण त्या घरात संडासही पाण्यावर अडलेला. झिऱ्यावर जाते कोण, हेही फॉर्मात येत नाही. तो घर मोजतो, बाई मोजत नाही. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा रोजचा वेळ सरासरी 299 मिनिटं आला, अशा पुरुषांचा 97. फॉर्मवर वेगवेगळे असलेले रकाने घरात एकमेकांत गुंतलेले असतात आणि इथे त्या गुंत्याचं टोक पाणी आहे, हे मला तिथे बसून दिसलं. देशभर तुलना करायची तर वजनं सगळीकडे एकच हवीत, हे मला पटतं. एकाच घरातले अभाव एकत्र पाहणारं हे माप दरडोई उत्पन्नापेक्षा कितीतरी चांगलं, असंही मी ठामपणे म्हणेन. पण गावाने आधी काय करायचं, हे त्या वजनांवरून ठरू नये.

म्हणून आम्ही घराघरांची नावं काढून टाकली आणि पाड्यानुसार तक्ते ग्रामसभेत वाचले. धडगाव तालुका पेसा क्षेत्रात येतो, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी अशा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि कामं ग्रामसभा सुचवते. कामांच्या यादीत रस्ता पहिला होता. तक्ता ऐकल्यावर मागे बसलेल्या बायका बोलू लागल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. शेवटी ठराव झाला: झिऱ्याला कठडा बांधायचा आणि सोलर पंपाने पाणी पाड्यावर चढवायचं, रस्ता त्यानंतर. पुढची पाहणी वर्षातून दोनदा होणार आहे, एकदा पावसाळ्यात आणि एकदा होळीनंतर. पाणी कोण आणतं, तो रकाना आम्ही फॉर्मात घातला आहे.